टपालपेटीवरचा मुकुट

एडिंबरा शहराच्या दक्षिण अंगाला इंच नावाची वसाहत आहे. १९५२ च्या नोव्हेंबरात तिथे एक नवी टपालपेटी बसवली गेली. पेटी नेहमीसारखीच, लाल आणि लोखंडी. फरक एवढाच, की वर्षाच्या सुरुवातीला गादीवर आलेल्या राणीची मोहोर तिच्यावर होती आणि त्या मोहोरेत ‘दुसरी एलिझाबेथ’ असा आकडा होता. या आकड्यावरून वसाहतीत गदारोळ उठला. पेटी आधी विद्रूप करण्यात आली आणि १९५३ च्या फेब्रुवारीत ती चक्क स्फोटाने उडवून देण्यात आली. आक्षेप राणीला नव्हता, आकड्याला होता. पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली ती इंग्लंडची राणी म्हणून. तेव्हा स्कॉटलंड हे वेगळे राज्य होते आणि तिथे सहावा जेम्स राज्य करत होता. मग स्कॉटलंडपुरती ही नवी एलिझाबेथ पहिलीच ठरत नाही का? प्रश्न बाहेरच्याला पोरकट वाटेल. पण तो घेऊन जॉन मॅककॉर्मिक हे ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर एडिंबराच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात, म्हणजे कोर्ट ऑफ सेशनमध्ये गेले. त्यांच्यासोबत दुसरा अर्जदार होता इयन हॅमिल्टन. १९५० च्या नाताळात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाचा प्राचीन दगड पळवून आणणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा म्होरक्या. खटला ते हरले. राजाने कोणते नाव घ्यावे हा राजाचा विशेषाधिकार आहे, असे न्यायालय म्हणाले. पण निकाल देता देता न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी एक शेरा मारला आणि तो निकालापेक्षा जास्त टिकला. संसद सर्वशक्तिमान आहे, हे तत्त्व खास इंग्रजी आहे. स्कॉटलंडच्या घटनाकायद्यात त्याला जोड नाही, अशा आशयाचा तो शेरा होता.

एका टपालपेटीपासून निघून राज्यघटनेच्या मुळापर्यंत जाणारा हा प्रवास स्कॉटिश राष्ट्रवादाच्या स्वभावाबद्दल बरेच काही सांगतो. राष्ट्रवाद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाषा येते, धर्म येतो, पूर्वजांच्या लढाया येतात. भाषावार प्रांतरचनेच्या लढ्यातून राज्य मिळवलेल्या मराठी वाचकाला तर भाषेवाचून प्रदेशाची अस्मिता कल्पिणेच कठीण जाते. स्कॉटलंडकडे पाहताना म्हणून आपण आधी किल्ट, बॅगपाइप आणि गेलिक भाषा शोधतो. त्या सगळ्याला तिथे स्थान आहेच. पण माझे म्हणणे असे, की तिथल्या राष्ट्रवादाचा कणा वेगळा आहे. तो आहे न्यायालये, चर्च, शाळा, विद्यापीठे, बँका, नगरपालिका अशा रुक्ष संस्थांचा. १७०७ मध्ये स्कॉटलंडने आपली संसद गमावली, पण या संस्था गमावल्या नाहीत. पुढची तीनशे वर्षे राष्ट्र जगले ते त्यांच्या आधाराने. आणि राजकीय स्वायत्ततेची मागणी उसळते ती संस्कृतीवर घाला आला म्हणून क्वचितच. या संस्थांचा कारभार कुणाच्या मताने चालायचा, हा प्रश्न चिघळला की ती उसळते.

आधी पोशाखाचा हिशेब मिटवून टाकू. स्कॉटलंडचे दोन भाग पडतात. उत्तर आणि पश्चिमेचा डोंगराळ हायलँड प्रदेश गेलिक बोलणारा, टोळ्यांच्या सरदारांखाली जगणारा. दक्षिणेचा आणि पूर्वेचा लोलँड प्रदेश इंग्रजीच्या जवळची स्कॉट्स भाषा बोलणारा, शेती-व्यापाराचा, शहरांचा. चौकडीचे टार्टन कापड हे हायलँडचे. लोलँडचा सुशिक्षित माणूस अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हायलँडच्या माणसाकडे रानटी म्हणून पाहत असे. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणारे हायलँडर चिरडले गेले, तेव्हा सरकारी फौजेत कितीतरी स्कॉट होते. त्यानंतर हायलँडच्या पोशाखावर बंदी आली आणि ती १७८२ मध्ये उठली. तोवर ज्याची भीती वाटावी असे त्या पोशाखात काही उरले नव्हते, म्हणून तो आता सगळ्यांना आवडू लागला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला. दीडशेहून अधिक वर्षांनी स्कॉटलंडमध्ये पाऊल टाकणारा हा पहिला सत्ताधीश राजा. त्याच्या स्वागताचा सगळा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने रचला. शहराचे प्रतिष्ठित लोक ज्या वेशाची आजोबांनी टिंगल केली त्याच वेशात सजले आणि स्थूल देहाचा राजाही गुलाबी विजारीवर किल्ट नेसून उभा राहिला. पुढे १८४२ मध्ये स्वतःला स्टुअर्ट राजपुत्राचे नातू म्हणवणाऱ्या दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाने टार्टनच्या नमुन्यांचा एक ग्रंथ छापला. तो बनावट होता. कोणत्या घराण्याचे टार्टन कोणते, याविषयी आजही दुकानात ठामपणे जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहे. ज्या दशकांत हा पोशाख राष्ट्राचा झाला, त्याच दशकांत हायलँडचे जमीनदार मेंढ्यांसाठी कुरणे मोकळी करायला आपल्या गेलिकभाषक कुळांना हुसकून लावत होते. वेश उचलला गेला आणि तो नेसणारा माणूस कॅनडाच्या जहाजावर चढवला गेला.

भाषेचे चित्र याहून बोलके आहे. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या जेमतेम २.५ टक्के लोकांनी आपल्याला गेलिक थोडीफार येते असे सांगितले. स्कॉट्स बोलणाऱ्यांचा आकडा मोठा, सुमारे १५ लाख. पण ती इंग्रजीत इतकी मिसळलेली, की भाषा की बोली हा वाद तिच्या पाठीशी कायमचा लागलेला. २०२५ च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला, म्हणजे स्कॉटिश संसद पुन्हा आल्यावर पाव शतकाने. आता शेजारचे वेल्स पाहा. तिथे २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ टक्के लोक वेल्श बोलतात. ती शाळांत, रस्त्यांवरच्या पाट्यांवर, दूरदर्शनवर जिवंत आहे. भाषेतून राष्ट्रवाद उगवतो हा नियम खरा असता, तर लंडनपासून दूर जाण्याची ओढ वेल्समध्ये जास्त दिसायला हवी होती. घडले उलटे. १९७९ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभा चारास एक अशा प्रमाणात नाकारली आणि १९९७ मध्ये ती स्वीकारली तीही ५०.३ टक्क्यांच्या निसटत्या बहुमताने. फरक कुठे आहे? आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ पासूनच्या कायद्यांनी वेल्सची न्यायव्यवस्था इंग्लंडच्या व्यवस्थेत विरघळवून टाकली होती. वेल्सकडे भाषा राहिली, संस्था राहिल्या नाहीत. शिवाय भाषेवर उभा असलेला राष्ट्रवाद भाषेच्या सीमेवर येऊन थांबतो. दक्षिण वेल्सच्या इंग्रजीभाषक खाणकामगाराला तो आपला वाटत नाही. केवळ दोन देशांच्या तुलनेवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्याला स्कॉटिश राष्ट्रवादाचे मूळ भाषेत शोधायचे आहे त्याला या तुलनेचे उत्तर द्यावे लागेल.

मग १७०७ मध्ये नेमके काय घडले? १६०३ पासून दोन्ही देशांचा राजा एक होता, पण संसदा दोन होत्या. १६९० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडने पनामाच्या संयोगभूमीवर, डेरिएन इथे स्वतःची वसाहत वसवायचा घाट घातला. रोगराई, उपासमार, स्पॅनिश हल्ले आणि इंग्लंडची आडमुठी भूमिका यांत तो घाट कोसळला आणि त्यात गुंतलेला देशाचा पैसा बुडाला. पुढे इंग्लंडने वारसाहक्कावरून व्यापारबंदीची धमकी दिली. कर्जबाजारी सरदार, इंग्रजी बाजारपेठेचा मोह, थोडी लाचलुचपत आणि बरीच हतबलता या सगळ्यांतून संसदेने स्वतःचे विसर्जन मान्य केले. ३,९८,०८५ पौंडांची भरपाई ठरली. तिचा एक भाग डेरिएनमध्ये बुडालेल्या भागधारकांच्या खिशात गेला, आणि यातले कित्येक भागधारक याच संसदेत मत देत होते. रस्त्यांवर दंगे झाले. एवढ्यावर कथा थांबवली तर ती फितुरीची कथा होते आणि राष्ट्रवादी वक्त्यांना ती तशी सांगायला आवडते. पण कराराची २५ कलमे वाचली तर दुसरी बाजू दिसते. वाटाघाटी करणाऱ्यांनी जे गेल्याचे दुःख नाही ते दिले आणि ज्यावर रोजचे जगणे अवलंबून होते ते राखले. कोर्ट ऑफ सेशन कायम राहील, स्कॉटलंडचे खाजगी व्यवहारांचे कायदे स्कॉटलंडमधल्या प्रजेच्या उघड हिताशिवाय बदलले जाणार नाहीत, नगरांचे हक्क शाबूत राहतील, असे त्यात लिहून घेतले. चर्चसाठी वेगळा कायदा करून प्रेस्बिटेरियन व्यवस्था आणि तिच्यासोबत विद्यापीठेही सुरक्षित केली. वरच्या आणि खालच्या सभागृहात मिळून ६१ जागा मिळाल्या आणि संसद गेली. त्या काळी संसद होती तरी कुणाची? तिच्याशी सामान्य माणसाचा संबंध फार थोडा येई. चर्चशी, शाळेशी आणि न्यायाधीशाशी रोज येई.

या संस्थांनी माणसे कशी घडवली हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडचा कायदा युरोपच्या रोमन परंपरेशी जवळीक राखून वाढला. तिथल्या फौजदारी खटल्यात ज्यूरीत १५ जण बसतात, इंग्लंडमध्ये १२. दोषी आणि निर्दोष यांच्याखेरीज ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसराच निकाल देण्याची मुभा तिथल्या ज्यूरीला शतकानुशतके होती. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने ती काढून टाकणारा कायदा केला. हा वाद एडिंबरात झाला, एडिंबरात मिटला, लंडनला त्याची गरज पडली नाही. शिक्षणाचेही तसेच. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी असे ठरले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठे होती, तेव्हा लोकसंख्येने कितीतरी लहान असलेल्या स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन आणि एडिंबरा इथे विद्यापीठे चालू होती. गावातला हुशार गरीब मुलगा विद्यापीठापर्यंत पोहोचतो, ही तिथल्या लोकांची आवडती समजूत. ती पुरती खरी नाही, मुलींच्या बाबतीत तर दीर्घकाळ मुळीच खरी नव्हती. पण समाज स्वतःविषयी कोणती गोष्ट सांगतो यालाही महत्त्व असते आणि ही गोष्ट शाळेची आहे, तलवारीची नाही. बँकांचे उदाहरण मला सगळ्यांत गमतीचे वाटते. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचे ठरवले. स्कॉटलंडचा व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर चाले. तेव्हा टोपणनावाने जळजळीत पत्रे लिहून सरकारला माघार घ्यायला लावणारा माणूस होता वॉल्टर स्कॉट. राजाला किल्ट नेसवणारा तोच. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्याचे चित्र आजही असते. त्याच्या दोन कामगिऱ्यांपैकी पर्यटकांना पहिली ठाऊक आहे; राष्ट्राला उपयोगी पडली ती दुसरी.

इथे एक रास्त शंका येते. संस्था राष्ट्रवादाला जन्म देत असतील, तर एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड एवढे शांत का होते? आयर्लंड पेटलेले असताना एडिंबरा आणि ग्लासगो साम्राज्याचा जयजयकार करत होती. उत्तर असे, की घराचा कारभार आपल्या हाती आणि बाहेर साम्राज्याचा मळा मोकळा, अशी ती सोय होती. आपल्याकडचीच नावे घ्या. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्माने डंबार्टनचा. त्याच्यामागून आलेला जॉन मॅल्कम दक्षिण स्कॉटलंडचा. साताऱ्याचा रेसिडेंट आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणारा जेम्स ग्रँट डफ बँफचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्याचे नाव आहे तो जॉन विल्सन लॉडरचा. ग्लासगोचे व्यापारी गुलामांनी पिकवलेल्या तंबाखूवर आणि साखरेवर गब्बर झाले, डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालल्या. स्कॉटलंड ही इंग्लंडची वसाहत होती, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही; साम्राज्यात स्कॉटलंडची भागीदारी होती आणि भागीदाराला नफ्याच्या काळात वाटणी मागायची नसते. त्या काळातला राष्ट्राभिमानही संयुक्त राज्याच्या आतलाच. १८६१ मध्ये स्टर्लिंगजवळ विल्यम वॉलेसच्या स्मारकाची पायाभरणी झाली, तेव्हा भाषणांचा सूर असा होता, की वॉलेस लढला म्हणूनच स्कॉटलंड पुढे बरोबरीच्या नात्याने इंग्लंडशी जोडले गेले. फुटबॉलच्या जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १८७२ मध्ये ग्लासगोजवळ स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, म्हणजे एका देशाच्या दोन राष्ट्रांत, आणि यात कुणाला विसंगती वाटली नाही.

पण या शांततेतही एक तडा गेला आणि तो कुठे गेला हे लक्षात घ्यावे. करारानंतर पाचच वर्षांनी, १७१२ मध्ये, वेस्टमिन्स्टरने कायदा करून स्कॉटलंडच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदारांना परत दिला. मंडळीचा उपदेशक मंडळीने निवडावा, ही प्रेस्बिटेरियन श्रद्धा. सव्वाशे वर्षे हे दुखणे ठसठसत राहिले. न्यायालयांनी जमीनदारांची बाजू घेतली, सरकारने हस्तक्षेप नाकारला आणि १८४३ च्या मे महिन्यात थॉमस चाल्मर्सच्या नेतृत्वाखाली सुमारे ४५० उपदेशक घर, पगार आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले. त्यांनी फ्री चर्च उभारले. फुटीची लाट मुंबईपर्यंत आली. विल्सनही फ्री चर्चकडे गेला. व्हिक्टोरियन काळातली स्कॉटलंडमधली ही सर्वांत मोठी बंडखोरी. ती भाषेसाठी झाली नाही, वेगळ्या राज्यासाठीही नाही. कराराने राखून दिलेल्या एका संस्थेविषयी दूरच्या संसदेने परस्पर निर्णय घेतला म्हणून झाली. पुढच्या शतकातल्या राजकारणाचा साचा इथे आधीच तयार दिसतो.

विसाव्या शतकात राज्यसंस्था फुगली. आधी जे काम चर्च, नगरपालिका आणि धर्मादाय मंडळे करत ते शाळांचे, घरबांधणीचे, दवाखान्यांचे काम सरकारकडे आले. स्कॉटलंडसाठी मंत्र्याचे पद १८८५ मध्येच निर्माण झाले होते. १९३९ मध्ये त्याच्या खात्याचा मुख्य कारभार एडिंबराच्या सेंट अँड्र्यूज हाउसमध्ये आला. १९४८ ची राष्ट्रीय आरोग्य सेवासुद्धा स्कॉटलंडमध्ये वेगळ्या कायद्याने सुरू झाली. म्हणजे एडिंबरात एक आख्खे सरकार बसलेले, फक्त त्याला जाब विचारणारी संसद तिथून ६०० किलोमीटरवर. दोन्हीकडचे मतदार एकाच पक्षाला निवडत होते तोवर हे खपले. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९५५ च्या निवडणुकीत स्कॉटलंडमध्ये हुजूर पक्ष आणि त्याच्या मित्रांना ५०.१ टक्के मते होती. १९३४ मध्ये स्थापन झालेली स्कॉटिश नॅशनल पार्टी तेव्हा चेष्टेचा विषय होती. मग साम्राज्य आटले, क्लाइड नदीवरच्या जहाजगोद्या मोडकळीला आल्या आणि १९६७ मध्ये हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत याच पार्टीच्या विनी यूइंग यांनी मजूर पक्षाचा बालेकिल्ला घेतला. १९७० मध्ये उत्तर समुद्रात फोर्टीज हे मोठे तेलक्षेत्र सापडले. ऑक्टोबर १९७४ मध्ये पक्षाला ३० टक्के मते आणि ११ जागा मिळाल्या. सगळा राष्ट्रवाद तेलाच्या वासाने जागा झाला, असे टीकाकार म्हणतात ते यावरून. तेलाने हिशेब बदलला हे खरेच. सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी त्या काळी लिहिलेला अहवाल स्वतंत्र स्कॉटलंडच्या तिजोरीविषयी इतका आशावादी होता, की तो तीस वर्षे कपाटात राहिला. पण हॅमिल्टन तेलाच्या आधीचे आहे. आणि तेल हेच कारण असते तर १९८५ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा मागणीही विझायला हवी होती. ती तेव्हाच पेटली.

ती पेटवली एका पराभवाने आणि एका कराने. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मते विधानसभेच्या बाजूने पडली. तरी विधानसभा मिळाली नाही, कारण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट कायद्यात घुसवलेली होती आणि प्रत्यक्षात तो ३२.९ टक्के भरला. घरी बसलेला आणि मेलेला मतदारही विरोधात मोजला गेला, असे लोक म्हणू लागले. त्याच महिन्यात मजूर सरकार एका मताने पडले. पाडणाऱ्यांत स्कॉटिश नॅशनल पार्टीही होती आणि त्यातून मार्गारेट थॅचर आल्या, हा टोला त्या पक्षाला अजून बसतो. पुढची १८ वर्षे स्कॉटलंड मजूर पक्षाला निवडून देत राहिले आणि त्याच्यावर राज्य हुजूर पक्षाने केले. १९८७ मध्ये त्या पक्षाच्या तिथे ७२ पैकी १० जागा होत्या. तरीही १९८९ मध्ये डोईपट्टी, म्हणजे बंगल्यातल्या श्रीमंताला आणि चाळीतल्या मजुराला सारखाच लागणारा स्थानिक कर, इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये आला. आमच्यावर प्रयोग केला, ही तिथली लोकप्रिय तक्रार पूर्ण न्याय्य नाही. जुन्या घरपट्टीच्या फेरआकारणीने वैतागलेल्या स्कॉटिश हुजूरांनीच त्याची घाई केली होती. पण लोकांच्या मनात ठसले ते वेगळेच: ज्यांना आम्ही निवडले नाही ते आमची घरपट्टी ठरवतात. १९८९ मध्ये मजूर पक्ष, लिबरल, चर्च, कामगार संघटना आणि नगरपालिका यांनी मिळून घटनापरिषद भरवली. तिच्या कार्यकारिणीचे अध्यक्षपद एका धर्मोपदेशकाकडे होते आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी तीत सामील नव्हती. आजच्या स्कॉटिश संसदेचा आराखडा राष्ट्रवादी पक्षाने नव्हे, या संस्थांच्या मेळाव्याने तयार केला, हे विसरले जाते. १९९७ मध्ये ७४.३ टक्के लोकांनी संसदेला होकार दिला.

संस्कृतीचे अभ्यासक इथे हरकत घेतील. ह्यू मॅकडायर्मिडने १९२० च्या दशकात स्कॉट्स भाषेत आधुनिक कविता उभी केली. १९८१ मध्ये अलास्डेर ग्रेची ‘लॅनार्क’ ही कादंबरी आली, १९९४ मध्ये ग्लासगोच्या बोलीत लिहिणाऱ्या जेम्स केलमनला बुकर मिळाले. राजकारणाच्या आधी साहित्याने राष्ट्र जागे केले नाही का? केले, पण कुणाला? मॅकडायर्मिडला राष्ट्रवाद्यांनी साम्यवादी म्हणून आणि साम्यवाद्यांनी राष्ट्रवादी म्हणून हाकलले. त्याची कविता वाचून मतदान करणारा मतदारसंघ शोधावा लागेल. १९७९ नंतरच्या लेखकांचे मोल वेगळे आहे. संसद मिळाली नाही त्या काळात त्यांनी किल्ट-हायलँडची भरजरी प्रतिमा टाकून कारखाना बंद पडलेल्या शहराचे आयुष्य लिहिले. त्यांनी राष्ट्रवाद निर्माण केला नाही; त्याचे कपडे बदलले.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी २०१४ च्या, स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात लागते. जनगणनेत ‘मी फक्त स्कॉटिश’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ६२ टक्के होते. २०१४ मध्ये स्वातंत्र्याला मते पडली ४४.७ टक्के. म्हणजे स्वतःला ब्रिटिश न म्हणणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी ‘नको’ म्हटले. अस्मिता आणि स्वातंत्र्य यांची गाठ आपोआप पडत नाही. प्रचाराच्या सभांत वॉलेस कमी आणि चलन जास्त होते: पौंड राहील का, पेन्शन कोण देईल, युरोपीय संघात जागा मिळेल का. मतदान झाले ८४.६ टक्के, आणि मताचा हक्क ठरला राहण्याच्या जागेवरून. एडिंबरात राहणाऱ्या पोलिश सुताराला मत होते, लंडनमध्ये राहणाऱ्या एडिंबराच्या माणसाला नव्हते. रक्ताच्या नात्यावर उभा असलेला राष्ट्रवाद असा नियम करत नाही. यावर कुणी म्हणेल, हे नागरी राष्ट्रवादाचे गोंडस चित्र झाले. इंग्रजांविषयीचा आकस तिथे नाहीच का? आहे, फुटबॉलच्या मैदानात आहे आणि समाजमाध्यमांवर त्याहून ओंगळ रूपात आहे. पण पाकिस्तानी कुटुंबातले हुमझा यूसफ २०२३ मध्ये तिथल्या सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, झाले ते स्कॉटिश नॅशनल पार्टीतून, आणि त्यांच्या वंशाचा प्रश्न त्या पक्षात अडसर ठरला नाही.

अधिक अवघड आक्षेप दुसराच आहे. आता संसद आहे, आयकराचे सहा टप्पे स्कॉटलंड स्वतः ठरवते, तिथल्या विद्यार्थ्याला घरच्या विद्यापीठात शुल्क नाही आणि इंग्लंडमधला विद्यार्थी वर्षाला ९ हजार पौंडांहून जास्त भरतो, दरडोई सरकारी खर्चही इंग्लंडपेक्षा अधिक होतो. संस्था सुरक्षित झाल्या असतील तर राष्ट्रवाद निवायला हवा. मजूर पक्षाची १९९७ मध्ये हीच अपेक्षा होती, आणि काही अंशी ती खरीही ठरते: २०२४ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला ५७ पैकी ९ च जागा मिळाल्या. तरी स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्यांचा जनमत चाचण्यांतला वाटा त्याच्याबरोबर कोसळला नाही. पक्षाला कंटाळलेले लोक मागणीला कंटाळलेले नव्हते. याचे कारण २०१६ मध्ये आहे. युरोपात राहण्याच्या बाजूने स्कॉटलंडने ६२ टक्के मते दिली आणि ते बाहेर काढले गेले. १७१२ चे चर्च, १९८९ ची डोईपट्टी, २०१६ चे ब्रेक्झिट. तीन शतकांत तक्रारीचे वाक्य तेच राहिले, कर्म तेवढे बदलले. पुन्हा सार्वमत घ्यायचा अधिकार आमच्या संसदेला आहे का, हा प्रश्न स्कॉटलंडच्या सरकारने न्यायालयात नेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटले. रस्त्यावर सभा झाल्या, पण दगड कुणी उचलला नाही. सत्तर वर्षांपूर्वी मॅककॉर्मिक जसे हरले तसेच हे सरकार हरले, वकिलांकरवी, कलमांच्या अर्थावरून.

टपालपेटीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. इंचच्या पेटीनंतर स्कॉटलंडमध्ये राणीच्या आकड्याऐवजी नुसता स्कॉटिश मुकुट असलेल्या पेट्या बसू लागल्या आणि इथून पुढे राजाचा दोन्ही देशांतला जो आकडा मोठा येईल तोच धरावा, असे चर्चिल सरकारने सुचवले. २०२२ मध्ये चार्ल्स गादीवर आला, तेव्हा वाद व्हायचे कारणच नव्हते. पहिला आणि दुसरा चार्ल्स या दोघांनीही सतराव्या शतकात दोन्ही देशांवर राज्य केले होते, त्यामुळे तिसरा हा आकडा लंडनमध्ये बरोबर होता आणि एडिंबरातही बरोबर होता. तरीसुद्धा नव्या राजाची मोहोर प्रसिद्ध झाली तेव्हा तिची एक निराळी आवृत्ती स्कॉटलंडसाठी काढलेली होती. अक्षरे तीच, आकडा तोच, वरचा मुकुट मात्र स्कॉटलंडचा.